आज काय बदललं, काय रद्द झालं
(औरंगाबादमधल्या एका फॅमिली डॉक्टरच्या रोजनिशीतील पाने)

सोमवार, १६ मार्च २०२०

शहरातला कोरोनाचा पहिला रुग्ण काल जाहीर झाला. आज दवाखान्यात खोकणाऱ्यांपेक्षा विचारणारेच जास्त. "मॅडम, परवा लग्नाला पुण्याचे पाहुणे होते, काही होणार नाही ना?" परदेशातून कुणी आलंय का, बाधिताच्या जवळ कुणी राहिलंय का, एवढंच मी विचारू शकते. संशयित कोणाला म्हणायचं याची आजची व्याख्या तेवढीच आहे. नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत जातात, अहवालाची वाट बघावी लागते.

दुपारी सिडको, गारखेडा, शहागंज इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले. प्रत्येकाकडे वेगळी माहिती. एकाकडे दिल्लीचं परिपत्रक, तेही अर्धंच स्कॅन केलेलं. एकाकडे टीव्हीच्या पट्टीवरचं वाक्य. एकाला अमेरिकेतल्या भाच्याने लांबलचक मेसेज पाठवलाय. घाटीत, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत बैठका होतात, तिथे विचारायला तज्ज्ञ असतात. गल्लीतल्या डॉक्टरला मात्र कुणी बैठकीला बोलवत नाही, आणि ताप आलेला माणूस पहिल्यांदा येतो तो आमच्याच दारात.

संध्याकाळी आम्ही काही जणांनी ठरवलं की रोज एक पान लिहायचं. वर तारीख. खाली तीनच गोष्टी: आज नवीन काय, कालचं काय रद्द, आणि हे कुणी सांगितलं. मूळ कागद पाहिल्याशिवाय पानावर काही चढवायचं नाही. शहागंजचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ये कागज उर्दू में भी होना." ते काम त्यांनीच घेतलं.

शुक्रवार, २७ मार्च २०२०

लॉकडाऊनचा तिसरा दिवस. आज सकाळी माझी ल्यूपसची एक पेशंट रिकाम्या हाताने मेडिकलमधून परत आली. ती वर्षानुवर्षं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेते, त्या गोळीवरच तिचे सांधे आणि मूत्रपिंड सांभाळलेले आहेत. आज सहा दुकानांत स्ट्रिप नाही.

सोमवारी कोरोना टाळण्यासाठी ही गोळी घेण्याबद्दल भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा सल्ला बाहेर आला. मूळ कागद मी दोनदा वाचला. तो आहे कोरोनाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या, लक्षणं नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि बाधितांच्या घरातल्या संपर्कातल्या माणसांसाठी. कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्यातून एकदा, सात आठवडे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना नको. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल तर नको. औषध घेतलं म्हणून निर्धास्त होऊ नका, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. फोनवरून फिरलं ते मात्र एवढंच: 'सरकारने गोळी सांगितली.' काल केंद्राने हे औषध एच-१ यादीत टाकलं. आता चिठ्ठीशिवाय मिळणार नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागेल. चांगलं झालं, पण मधल्या तीन दिवसांत दुकानं रिकामी झाली.

आजच्या पानावर चौथा रकाना वाढवला: 'हे कुणासाठी नाही.' यापुढे कोणत्याही औषधाची सूचना या रकान्याशिवाय जाणार नाही.

रात्री वुहानचे डॉ. ली वेनलियांग यांच्याबद्दल वाचत होते. ३० डिसेंबरला त्यांनी आपल्या बरोबरीच्या डॉक्टरांना गटावर कळवलं की सार्ससारखे रुग्ण येत आहेत, सांभाळून राहा. जानेवारीच्या सुरुवातीला पोलिसांनी बोलावून त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला तो डॉक्टर त्याच आजाराने गेला. सहकाऱ्यांना वेळेवर सावध करणं हे त्यांच्यासाठी डॉक्टरचं कामच होतं, आणि ते कामच आहे.

रविवार, १० मे २०२०

परवा पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली माणसं, रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने पायी निघालेली. थकून रुळांवरच झोपली. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत असावी. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. खरी माहिती ज्याला सगळ्यात जास्त हवी असते, त्याच्यापर्यंत ती सगळ्यात शेवटी जाते.

त्याच दिवशी, ८ मेला, रुग्णाला घरी सोडण्याचे नियम बदलले. सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले, शेवटचे तीन दिवस ताप नसला, तर पुन्हा चाचणी न करता घरी पाठवायचं. घरी आणखी सात दिवस वेगळं राहायचं. यामागे कारण आहे. चाचणीत विषाणूचे मृत तुकडेही सापडतात आणि बरा झालेला माणूस विनाकारण बेड अडवून बसतो.

हे डॉक्टरांना दोन दिवसांत कळलं, गल्लीला कळलं नाही. काल आमच्या भागातल्या एका काकांना घरी आणलं तर शेजारी जिन्यात उभे. "निगेटिव्हचा कागद दाखवा, मग वर जा." वॉर्डातल्या आशा स्वयंसेविका, आमच्या आशाताई, मध्ये सापडल्या. त्यांच्या वहीत अजून जुनाच नियम होता, दोन निगेटिव्ह अहवालांचा. त्या शेजाऱ्यांची बाजू घेऊन बोलत होत्या आणि त्यांच्या माहितीप्रमाणे त्या बरोबरच होत्या.

आजपासून पान आशाताई, अंगणवाडी सेविका, रुग्णवाहिकेचे चालक आणि मेडिकलवाल्यांनाही जाणार. भाषा साधी करायची, एका वाक्यात एकच गोष्ट. आणि कारण लिहायचंच. नियम का बदलला हे सांगितलं की आशाताई शेजाऱ्यांना समजावू शकतात. नुसता नियम हातात दिला की त्यांना फक्त भांडण मिळतं.

बुधवार, १७ जून २०२०

आनंदाची बातमी. ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' अभ्यासाचा निष्कर्ष काल जाहीर झाला. डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आमच्या प्रत्येकाच्या कपाटात असलेलं, काही रुपयांत मिळणारं औषध.

पण पानाचा चौथा रकाना आज सगळ्यात महत्त्वाचा. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना या औषधाने काही फायदा दिसलेला नाही. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असतं, तेव्हा स्टिरॉइड दिलं तर प्रतिकारशक्तीच दबते. दुसऱ्या आठवड्यात काहींच्या फुप्फुसात सूज उसळते, स्टिरॉइड तिथे कामाला येतं. हे चार ओळींत, मोठ्या अक्षरात लिहिलं. मेडिकलवाल्यांना वेगळा फोन करून सांगितलं.

रविवार, २८ जून २०२०

आरोग्य मंत्रालयाने काल डेक्सामेथासोन आपल्या उपचार सूचनेत घेतलं. ऑक्सफर्डच्या निष्कर्षापासून दिल्लीच्या सूचनेपर्यंत अकरा दिवस. एरवी अशा गोष्टीला वर्षं जातात. आज सकाळी एक मधुमेही गृहस्थ आले, तापाचा दुसराच दिवस, ऑक्सिजन ९८, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन दिवसांचं स्टिरॉइड सुरू. साखर साडेतीनशेच्या वर. बातमी औषधाच्या पुढे धावली, अट मात्र मागे राहिली.

रविवार, १२ जुलै २०२०

परवापासून शहरात जनता कर्फ्यू, १८ तारखेपर्यंत. जालना रोड इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

अँटिजेन चाचण्या सुरू झाल्या. अर्ध्या तासात निकाल, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. पण लोक निगेटिव्ह चिठ्ठी घेऊन कामावर जायला निघालेत. आयसीएमआरच्या १४ जूनच्या सूचनेत स्पष्ट आहे: पॉझिटिव्ह आली तर खरी धरा, लक्षणं असूनही निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर कराच. हे एकच वाक्य फलकावर लिहून दारात लावलं, मराठीत आणि उर्दूत. दुपारपर्यंत शेजारच्या दोन दवाखान्यांनी त्याचे फोटो काढून नेले.

शुक्रवार, १८ सप्टेंबर २०२०

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम मंगळवारी सुरू झाली. घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. आज दुपारी दवाखान्याच्या ओसरीत आशाताईंबरोबर बसले. ऑक्सिमीटर हातात आहे, पण तो कसा लावायचा हे सगळ्यांना कुणी नीट दाखवलेलं नाही. नेलपॉलिश पुसायचं. हात गार असतील तर चोळून गरम करायचे. मेंदी गडद असेल तर दुसरं बोट बघायचं. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. ९५ च्या खाली असेल तर लगेच कळवायचं. बसून चांगला आला आणि तरी शंका असेल, तर सहा मिनिटं घरात चालायला लावून पुन्हा मोजायचं. काहींचा ऑक्सिजन उतरलेला असतो आणि त्यांना दम लागल्याचं कळतही नाही.

मग एक ताई बोलल्या. "मॅडम, ताप आहे का विचारलं की लोक नाही म्हणतात. दाराला पत्रे लावून घर बंद करतील म्हणून घाबरतात. मी विचारते, जेवण जातं का, अंग दुखतं का, रात्री झोप लागते का. मग सगळं सांगतात."

हे कोणत्याही परिपत्रकात नव्हतं. आजच्या पानावर पहिली ओळ त्या ताईंचीच, आणि 'हे कुणी सांगितलं' या रकान्यात 'वॉर्डातल्या आशाताई'. आतापर्यंत आमचं पान वरून खाली जात होतं. आजपासून खालूनही वर येईल. दर शुक्रवारी काय दिसतंय, काय अडतंय, ते आशाताईंकडून घ्यायचं आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना पोचवायचं.

शनिवार, १६ जानेवारी २०२१

लसीकरण सुरू. पहिली पाळी आरोग्य कर्मचाऱ्यांची. आमच्या सिस्टर घाबरल्या होत्या. तासभर त्यांच्याशी बोलले. ॲलर्जीपासून सगळे प्रश्न त्यांनी विचारले. जे ठाऊक होतं ते सांगितलं, जे अजून कुणालाच ठाऊक नाही तेही तसंच सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "एवढं कुणी सांगितलंच नव्हतं, मॅडम." नाव नोंदवून गेल्या. दुसऱ्याला लस टोचणाऱ्या हातांच्या मनातली शंका आधी फिटायला हवी.

शुक्रवार, २३ एप्रिल २०२१

लिहायला बळ नाही, तरी लिहिते. बेड नाहीत. फोन रात्री तीनलाही वाजतो. परवा नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि पुरवठा बंद पडून वीसहून जास्त माणसं गेली.

मुलं वडिलांसाठी रेमडेसिव्हिरची चिठ्ठी घेऊन गावभर फिरतात. दागिने मोडून आलेला मुलगा आज समोर बसला होता. वडिलांचा ऑक्सिजन ९७, घरी आहेत, आजाराचा चौथा दिवस. त्याला सांगितलं की बाळा, हे औषध ऑक्सिजन लागणाऱ्या, रुग्णालयातल्या रुग्णासाठी आहे, तेही पहिल्या दहा दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही, हे गेल्या ऑक्टोबरलाच कळलंय. वडिलांना पालथं झोपव, पाणी दे, दर चार तासांनी ऑक्सिजन मोज, ९४ च्या खाली गेला की मला फोन कर. तो रडायला लागला. औषध मिळालं नाही तर वडील जातील आणि दोष आपला, या ओझ्याखाली तो दोन दिवस फिरत होता. ऑक्टोबरमधली माहिती एप्रिलमध्ये प्रत्येक चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असती, तर किती घरांची ही वणवण वाचली असती.

आजचं पान वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदरसाठी. ऑक्सिजनची पातळी ९२ ते ९६ च्या दरम्यान पुरे. जुनाट श्वसनविकार असलेल्यांना ८८ ते ९२. आकडा ९९ वर नेण्यासाठी प्रवाह वाढवून काही साधत नाही, उलट शेजारच्या बेडचा श्वास कमी होतो. जेवताना, शौचाला जाताना मास्क काढून ठेवला तर नळी चालू ठेवू नका. रात्री एका सिस्टरचा निरोप आला. त्यांनी वॉर्डात फिरून प्रत्येक प्रवाह तपासला आणि पुष्कळ ठिकाणी कमी करता आला. आजच्या दिवसातली एवढीच गोष्ट मनाला धरून ठेवते.

शुक्रवार, १४ मे २०२१

अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी. दोन्हीकडचं गोड फोनवरूनच.

आमच्या गटातल्या दंतवैद्य बाईंनी तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं: कोरोनातून उठलेले मधुमेही येत आहेत, वरचे दात हलतात, टाळूला काळा डाग, गाल बधिर. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुसऱ्याच दिवशी दुजोरा दिला. म्युकरमायकोसिस. आम्ही त्याच आठवड्यात पान काढलं होतं. ९ मेला आयसीएमआरची सूचनाही आली. त्यावरचं अँफोटेरिसिन-बी मिळत नाही, नातेवाईक पुन्हा रस्त्यावर आहेत.

पान पुन्हा पाठवलं, आता विस्ताराने. स्टिरॉइड घेतलेल्या प्रत्येकाची साखर मोजा, सुटी झाल्यावरही. ऑक्सिजनच्या बाटलीत निर्जंतुक पाणी, रोज बदललेलं. नाकातून काळपट स्राव, डोळ्याला सूज, एका बाजूचं डोकं दुखणं, दात हलणं, यातलं एकही दिसलं तर 'दोन दिवस बघू' म्हणायचं नाही. लवकर सापडला तर डोळा वाचतो, जीव वाचतो.

धोक्याची पहिली खूण दातांच्या खुर्चीत दिसली होती. ती वेळेवर पुढे गेली, कारण बाईंना कळवायची जागा ठाऊक होती.

रविवार, १६ मे २०२१

आज राज्याच्या कोविड कृती दलाची 'माझा डॉक्टर' ही ऑनलाइन परिषद. हजारो डॉक्टर एका वेळी ऐकत होते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे बोलले, डॉ. संजय ओक यांच्या कृती दलातले तज्ज्ञ बोलले. घरी विलगीकरणात असलेल्यांवर कुटुंबाच्या डॉक्टरनेच लक्ष ठेवायचं, हे थेट आम्हाला सांगितलं गेलं.

वर्षाहून जास्त काळ याचीच वाट पाहत होते. मुंबईतला तज्ज्ञ आणि गारखेड्यातला डॉक्टर यांच्यामध्ये आज अर्धवट स्कॅन नव्हता, ऐकीव मेसेज नव्हता. हे दर आठवड्याला व्हायला हवं, आणि अर्धा वेळ आमच्या प्रश्नांसाठी हवा.

मंगळवार, १८ मे २०२१

काल प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय सूचनेतून निघाला. आपल्याच देशातल्या ३९ रुग्णालयांच्या अभ्यासात तो उपयोगी नसल्याचं गेल्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालं होतं. मधल्या काळात किती नातेवाइकांनी दाते शोधत रात्री काढल्या. आजच्या पानावर 'रद्द' हा शब्द सगळ्यात मोठा.

दुसरी ओळ: कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर आता १२ ते १६ आठवडे. मार्चमध्ये ते सहा ते आठ केलं होतं, त्याआधी चार ते सहा होतं. केंद्रावरच्या सिस्टरला दिवसभर लोक ओरडतात, त्यांना किमान कारण तरी हातात द्यायला हवं.

मंगळवार, ८ जून २०२१

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या नव्या सूचनेतून आयव्हरमेक्टिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, डॉक्सिसायक्लिन गेलं. आयसीएमआरच्या सूचनेत पहिली दोन अजून आहेत. एकाच सरकारचे दोन कागद, दोन्ही चालू. आज तीन तरुण डॉक्टरांनी विचारलं, कोणता धरू? पानावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, कोणत्या औषधामागे किती पुरावा आहे ते लिहिलं आणि सांगितलं की ज्याला पुरावा नाही ते मी देत नाही.

शास्त्र शिकत असताना मत बदलतंच, त्यात कमीपणा काहीच नाही. पण बदल दोन तोंडांनी सांगितला की रुग्णासमोर बसलेला डॉक्टर एकटा पडतो.

शनिवार, ६ मे २०२३

जागतिक आरोग्य संघटनेने काल कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. दवाखाना तोच, गटही टिकून आहे. सगळी पानं एकत्र बांधायला घेतली आहेत.

वाचताना केरळच्या लिनी पुथुसेरी आठवल्या. २०१८ च्या मे महिन्यात पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात त्यांनी एका तापाच्या रुग्णाची सेवा केली, तेव्हा तो निपाह आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या गेल्या. त्यानंतर केरळने निपाहचा संशय आला की काय करायचं याची घडी बसवली. पुढच्या वर्षी निपाह पुन्हा आला तेव्हा एकाच रुग्णावर थांबला.

आपल्या जिल्ह्यासाठी काय हवं, ते आज लिहून काढलं.

जिल्ह्यात एकच अधिकृत पान, एकाच ठरलेल्या वेळी, तारीख आणि क्रमांकासह. जुनं रद्द झालं तर तसं ठळक लिहिलेलं. प्रत्येक सूचनेला कारण आणि 'कुणासाठी नाही' ही ओळ. मराठी आणि उर्दूत. यादीत ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर, दंतवैद्य, मेडिकलवाले, आशाताई, कक्षसेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, सगळे. विचारायला एक नंबर, जो माणूसच उचलेल. आणि खालून आलेल्या खबरीला चोवीस तासांत उत्तर.

सोमवारी हे पत्र महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचं. मंजुरीची वाट बघत थांबायचं कारण नाही. जूनमध्ये पाऊस येईल, मागोमाग डेंग्यू. त्याच्यासाठी आमच्या वॉर्डात हे पान पहिल्या पावसाआधीच सुरू करायचं. ओळखी, फोन नंबर आणि विश्वास साथ आल्यावर गोळा करता येत नाहीत, ते आधीपासून वापरात असावे लागतात. पहिलं पान लिहायला घेतलंय: 'डेंग्यूच्या संशयात आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामोल.' वर तारीख टाकली. उद्या शहागंजला उर्दूसाठी पाठवायचं.